तळमजल्याचे अध्यक्ष

आमच्या घरमालकांना कुठंही दहा मिनिटांच्या वर बसलेलं मी पाहिलं नाही. लग्न असो, मयत असो, कुणी चहाला बोलावलेलं असो. दहा मिनिटं झाली की हा गृहस्थ उठायचा, पँटच्या गुडघ्यावरची सुरकुती हाताने झटकायचा आणि "माझा टर्न संपला" एवढंच म्हणून चालू लागायचा. समोरचा वाक्याच्या मध्यावर असला तरी.

गल्लीच्या तोंडाशी अत्तराचं दुकान असलेले एक चाचा होते. त्यांची आई गेली तेव्हा मी आणि काका भेटायला गेलो. घरमालकांना मी काकाच म्हणायचो. चाचा शेवटच्या दिवसाचं सांगत होते. "अम्मीने पाणी मागितलं, मी चमचा घेऊन गेलो, तर बघतो..." आणि काका उठले. पँट झटकली. "माझा टर्न संपला." चाचा माझ्याकडे बघत राहिले, चमचा धरल्यासारखा हात तसाच वर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काहीतरी पुटपुटलो, तर चाचाच म्हणाले, "जाने दो डॉक्टर, उनका ऐसाच है." दुसऱ्या दिवशी सकाळी काका एकटेच पुन्हा गेले आणि चाचांसमोर बसून म्हणाले, "काल आपण चमच्यापर्यंत आला होतात." हे मला नंतर चाचांनीच सांगितलं. सांगताना ते हसतही होते आणि डोळेही पुसत होते.

मी डॉक्टर नाही. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात लस टोचणारा माणूस. पण डोंगरात आम्हाला सगळे डॉक्टरच म्हणतात आणि नको म्हणायचा मला केव्हाच कंटाळा आला. गाव माझं आळे. तिथून रोज जुन्नर, आणि माणसं कमी म्हणून घोडेगावच्या वरचा डोंगरही माझ्याच गळ्यात. तळेघरपर्यंत एसटी, पुढं पायपीट, संध्याकाळी पुन्हा आळे. असं करून करून पाठ मोडली तेव्हा जुन्नरात ही वरच्या मजल्यावरची खोली घेतली. जरा विसावा मिळेल म्हणून. विसावा! आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

काकांची सगळी नोकरी मुंबईला विधानभवनात झाली. प्रतिवेदक. कुणी "रिपोर्टर का?" म्हटलं की चिडायचे. "रिपोर्टर पेपरात असतात. त्यांना वाटेल ते लिहिता येतं. आम्हाला जे बोललं गेलं तेच लिहावं लागतं." सभागृहात अध्यक्षांच्या आसनाखाली मधे एक टेबल असतं, तिथं बसून जो बोलेल त्याचं बोलणं लघुलिपीत उतरवायचं, हे त्यांचं काम. एकाने दहा मिनिटं घ्यायची. दहा मिनिटं होत आली की दुसरा प्रतिवेदक येऊन खुर्चीच्या मागं उभा राहतो. याने उठायचं, त्याने बसायचं, आणि मधे एक शब्दसुद्धा सांडायचा नाही. उठलेल्याने बाहेर जाऊन आपला तुकडा टाइप करून द्यायचा, की पुन्हा आपला टर्न येईपर्यंत मोकळा. असं उभं आयुष्य.

"डॉक्टर, मागं माणूस उभा राहिला हे न बघता कळतं," ते म्हणायचे. "मानेला कळतं. कळलं की उठायचं. मग मंत्री राज्य बुडालं म्हणून सांगत असेना का."

त्यामुळं झालं असं की या माणसाला राज्यातल्या हजार भांडणांची सुरुवात पाठ, मधला भाग पाठ, शेवट मात्र एकाचाही ठाऊक नाही. शेवट दुसऱ्याच्या तुकड्यात. छापील कार्यवाही निघायची, ती वाचायची की, म्हटलं तर म्हणाले, "दुसऱ्याचं उष्टं कशाला वाचू?" हल्ली अधिवेशनाचं कामकाज मोबाइलवर दिसतं. ते बघायला बसायचे आणि दहा मिनिटं झाली की मोबाइल सुनेच्या हातात देऊन उठायचे. ती बिचारी डाळ निवडता निवडता पुरवणी मागण्यांवरची चर्चा ऐकत बसायची.

आणि आणखी एक. त्या सभागृहात एवढी वर्षं बसून या माणसाने तोंडातून एक अक्षर काढलेलं नव्हतं. प्रतिवेदकाने बोलायचं नसतं. खोकला आला तरी गिळायचा. मला वाटतं ते सगळं साठलेलं मग आमच्यावर निघालं.

खोली बघायला गेलो त्याच दिवशी त्यांनी मला जिन्यात उभं करून घराची घटना सांगितली. तळमजला म्हणजे विधानसभा. लोकांमधून आलेली माणसं, खरी सत्ता तिथं. वरचा मजला म्हणजे विधान परिषद. "तुम्ही आमचं वरिष्ठ सभागृह, डॉक्टर. मान मोठा. ते कधी विसर्जित होत नाही, माणसं तेवढी बदलत राहतात. तुम्ही चर्चा करू शकता, दुरुस्ती सुचवू शकता, थोडा उशीर लावू शकता. अडवू मात्र शकत नाही. आणि पैशाच्या विधेयकाला चौदा दिवसांच्या वर हात लावायचा नाही." मी मान हलवली. मला वाटलं, म्हातारा थट्टेखोर दिसतोय. पुढं वरच्या टाकीत पाणी चढेना म्हणून तक्रार घेऊन गेलो तर म्हणाले, "परिषदेची शिफारस पोचली. सभा विचार करेल." पंधरा दिवस मी खालून बादल्या वाहिल्या. तेव्हा कळलं की थट्टा नव्हती.

तळमजल्यावर बाहेरच्या खोलीत त्यांच्या मुलाचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरण्याचं दुकान. आतल्या खोलीत एक जुन्या बाजारातून आणलेली, हातांची, भलीमोठी सागवानी खुर्ची. तेच अध्यक्षांचं आसन. दिवेलागणीला काका देव्हाऱ्यातली घंटा उचलून वाजवायचे. गणपूर्ती. म्हणजे कामकाज चालवायला लागतात तेवढी माणसं जमली नसतील तर सभागृहात घंटा वाजवून बोलावतात, तशी.

"देवाची घंटा हाय ती," काकू सैपाकघरातून ओरडायच्या. "देव गोंधळतो की हो!"

काकू तळेघरच्या वरच्या एका वाडीतल्या. काका मुंबईत आणि हिवाळ्यात नागपुरात, त्यामुळं इथं घर, मुलगा, आजारपणं, सगळं त्यांनीच ओढलं. आणि नवरा निवृत्त होऊन घरी आला तो हे असं घेऊन. सभागृहाचा नियम असा की सदस्याने दुसऱ्या सदस्याशी थेट बोलायचं नाही, जे काय बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून. त्यामुळं काका खुर्चीत असले की सगळ्यांनी त्यांच्याकडे बघून बोलायचं. त्यांना स्वतःला काही विचारायचं असलं की ते खुर्चीतून उतरून बाजूला उभे राहायचे आणि रिकाम्या खुर्चीला विचारायचे, "अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्या आज भाजीला काय करणार आहेत, याची माहिती सभागृहाला मिळू शकेल काय?"

"अध्यक्ष म्हाराज, वांगं," काकू सांगायच्या. मग माझ्याकडे वळून, "बगितलं का? खुर्चीला इचारत्यात. खुर्ची काय सैपाक करनार हाय व्हय?"

हसून सांगायच्या, पण त्या हसण्यात एक थकवा होता. मला तो ओळखीचा होता. दिवसभर डोंगर चढून आल्यावर माणूस हसतो तसं.

थोड्या दिवसांनी काकांना रिकामी खुर्ची सलायला लागली आणि त्यांनी मला तालिकेवर घेतलं. अध्यक्ष नसतील तेव्हा त्या जागी बसायला काही सदस्य नेमून ठेवतात, त्यांना तालिका अध्यक्ष म्हणतात. मी म्हटलं, काका, मी वरच्या सभागृहाचा, खालच्या खुर्चीवर कसा बसू? तुमचाच नियम आहे. मला वाटलं, सुटलो. पण दुसऱ्या दिवशी म्हणाले, "नियम स्थगित करण्याचा प्रस्ताव मांडून मंजूर करून घेतला. बसा." बसलो. दवाखान्यातून शिणून यायचं, पाय धुवायचे आणि त्या खुर्चीत बसून बापलेकाचं भांडण ऐकायचं, "अध्यक्ष महोदय, माझ्या वडिलांना सांगावं की प्रिंटरला हात लावू नका." मी सांगायचो. दुसरं काय करणार?

या घरात एकच व्यक्ती अशी होती की जिच्यापुढं अख्खं सभागृह गप्प बसायचं. काकूंची आई. वर्षातून एकदा-दोनदा भात निघाला की तांदळाचं आणि नाचणीचं गाठोडं घेऊन ती म्हातारी वाडीवरून यायची. काका तिला राज्यपाल म्हणायचे. वर्षाचं पहिलं अधिवेशन राज्यपालांच्या अभिभाषणानं सुरू होतं, तसं म्हातारी आली की पहिल्या संध्याकाळी तिचं भाषण. पोरगं वाळलंय, सून जेवत नाही, जावयाला अक्कल नाही, असं सगळ्यांचं माप काढून झालं की ती रेडकाची गोष्ट सांगायची. तिच्या तरुणपणी बिबट्या गोठ्यात शिरला आणि ती एकटी, हातात नुसतं सूप. रेडकाच्या मानेला बिबट्याचं तोंड. ती सूप बडवत दारात. इथपर्यंत गोष्ट यायची आणि काकांची दहा मिनिटं व्हायची. पँट झटकली, उठले.

"जावय, बस की रं! पुढं ऐक की!"

"पुढच्या वेळी, सासूबाई."

गोष्टीचा शेवट मला माहीत, सुनेला माहीत, झेरॉक्स काढायला आलेल्या गिऱ्हाइकांनासुद्धा माहीत. जावयाला तेवढा नाही. पण मान मोठा द्यायचे हो तिला. ती निघाली की एसटी स्टँडपर्यंत गाठोडं स्वतः न्यायचे. एकदा जिन्यात मला म्हणाले होते, "मी मुंबईत होतो तेव्हा माझा मुलगा तुमच्या काकूनं वाढवला. तिला ताप, त्याला गोवर, काही झालं की म्हातारी डोंगर उतरून हजर. मी पगाराच्या तारखेला यायचो, पाहुण्यासारखा."

मग त्या वर्षी उन्हाळ्यात म्हातारी पडली. मला वाडीवरच कळलं. लस द्यायला गेलो होतो. शेजारच्या बाईनं सांगितलं, हंडा घेऊन घसरली, खुबा गेला. मामा, म्हणजे काकूंचा भाऊ, चाकणला कंपनीत. त्याचं बिऱ्हाड एका खोलीत. म्हातारी पडवीत बाजेवर एकटी. शेजारीण दोन घास द्यायची. मी गेलो तर म्हणाली, "डाक्तर, ढोराला मारता तशी एक सुई मला बी मारा." खाली येऊन काकूंना सांगितलं. त्या पोळपाटावरचं लाटणं तसंच हातात धरून खाली बसल्या.

"आईला हितं आनायची," त्या म्हणाल्या. "पावसाच्या आदी. पाऊस लागला की वाडीवरनं मानूस बी निघत न्हाई."

वरची खोली मी देतो म्हटलं, पण आमचा जिना म्हणजे उभी शिडी, खुबा मोडलेलं माणूस त्यावरून न्यायचं कसं? राहिली खालची मागची खोली. तिच्यात मुलाचे प्रिंटर, कागदाचे गठ्ठे, इन्व्हर्टर. मुलगा वाईट नव्हता. त्याचं म्हणणं सरळ होतं: खोली गेली तर दुकान चालत नाही, आणि रात्रंदिवस अंथरुणातल्या माणसाचं करणार कोण? आईचे गुडघे गेलेत, म्हणजे माझ्या बायकोवरच येणार ना?

काकूंनी विषय सभागृहात मांडला. मी म्हटलं, काकू, कशाला त्या भानगडीत पडता, जीप करा आणि घेऊन या. त्यांनी मान हलवली. "जीप करनार पोरगा, खोली रिकामी करनार पोरगा. त्येचं मन नको का वळाया? आन ह्येंनी सांगितलंय, व्हईल म्हनून. मग व्हऊ दे ह्येंच्या रीतीनं."

काका खरंच तिच्या बाजूचे होते, हे मला पक्कं माहीत आहे. जिन्यात भेटले की कानाशी येऊन सांगायचे, "डॉक्टर, म्हातारी आली पाहिजे. दोन विरुद्ध एकनं मंजूर होईल. सूनबाई आपल्या बाजूला आहे." पण सगळं रीतसर. पहिलं वाचन झालं. मग दुसरं, त्यात एकेका कलमावर चर्चा. बाज कुठं ठेवायची. संडासाचं काय. रात्री कोण उठणार. मुलाच्या दुरुस्त्या आल्या, त्यांवर मत झालं. एक कलम अडलं म्हणून चिकित्सा समितीकडे गेलं. समिती म्हणजे मुलगा आणि सून, ती दोघं आठवडाभर बोलत नव्हती. इकडे आंबे संपत आले. मी चिडून म्हटलं, काका, एका म्हातारीला आणायला हे एवढं?

तेव्हा ते पहिल्यांदा आवाज चढवून बोलले. "डॉक्टर, मी तिथं गोंधळात झालेले कायदे लिहून घेतले आहेत. कोणी ओरडतंय, कोणी कागद भिरकावतंय, मंत्र्याचं ऐकू येत नाही, आणि मंजूर, मंजूर, मंजूर. ज्यांच्यासाठी कायदा त्यांची कुणाला आठवण नाही. माझ्या घरात तसं होणार नाही. या खोलीत म्हातारी येईल ती सगळ्यांचं ऐकून घेऊन येईल. नाहीतर आल्यावर तिला रोज ऐकावं लागेल."

यात चूक काय होती, सांगा. मला तेव्हाही सांगता आलं नाही.

मतदानाच्या दिवशी मला मुद्दाम वरून बोलावलं, प्रेक्षक म्हणून. काका खुर्चीत. काकू चुलीपासून हात पुसत आल्या. मुलगा दाराला टेकून उभा. सून खाली बसून लसूण सोलत होती. ज्यांची संमती त्यांनी होय म्हणावं, काका म्हणाले.

"व्हय," काकू.

मग विरुद्ध असलेल्यांनी नाही म्हणावं.

"नाही," मुलगा म्हणाला, आईकडे न बघता.

आणि सून काहीच बोलली नाही. लसणाची पाकळी सोलून झाली तरी ती तीच सोलत राहिली. काकांनी विचारलं, सन्माननीय सदस्या? तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा सासूकडे. "मी तटस्थ," ती म्हणाली. मोबाइलवर अधिवेशन बघून बघून तिला तो शब्द येत होता. रडू यायला लागलं तसं पदरात तोंड घातलं. तिला तरी काय बोल लावायचा? एकीकडे नवरा, एकीकडे सासू.

एक विरुद्ध एक. काकांचा चेहरा मी बघितला. हे त्यांनी धरलंच नव्हतं. अध्यक्ष एरवी मत देत नाही. मतं समसमान पडली तरच देतो, त्याला निर्णायक मत म्हणतात. आणि ते मत कुणीकडे द्यायचं, याचीही एक रीत आहे. काकांनीच ती मला कितीदा सांगितली होती: अध्यक्षाने आहे ते आहे तसं राहू द्यायच्या बाजूनं मत द्यायचं. नवं काही करायचं तर सभागृहाचं बहुमत हवं. ते अध्यक्षाने आपल्या पदरचं घालून उभं करायचं नसतं.

काकूंनाही ती रीत ठाऊक होती. इतकी वर्षं ऐकलेली. "खुर्ची सोडा," त्या म्हणाल्या. थेट त्यांना, खुर्चीला नाही. "डाक्तरांना बसवा खुर्चीत. तुमी खाली या आन आमच्यासारकं मत द्या."

"मतदान पुकारल्यावर अध्यक्ष बदलत नाही."

"मंग नियम थांबवा! डाक्तरांना त्या खुर्चीत बसवायला थांबवला व्हता की न्हाई? माझ्या आईसाटी न्हाई थांबवायचा?"

काकांचे ओठ हलले. दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरलेले. मला वाटलं, आता उठतील. देवा, उठू दे, असं मी मनात म्हटलंसुद्धा. उठले नाहीत. "तो प्रस्ताव मतदानाआधी यायला हवा होता," ते म्हणाले. मग समोरच्या भिंतीकडे बघत, एका दमात, "अध्यक्षांचं निर्णायक मत आहे ती स्थिती कायम ठेवण्याच्या बाजूनं. प्रस्ताव नामंजूर."

काकू उठल्या आणि आत गेल्या. आणि त्या जाताना या माणसाने, सवयीनं हो, दुसरं काही नाही, हळूच म्हटलं, "सन्माननीय सदस्यांनी सभात्याग केला." एक थोबाडीत द्यावीशी वाटली मला. खोटं कशाला बोलू?

सकाळच्या एसटीनं काकू तळेघरला गेल्या. पिशवीत दोन लुगडी आणि देव्हाऱ्यातली घंटा. घंटा का नेली, ते मी कधी विचारलं नाही.

मग काय, त्या घराचं सगळंच बंद पडलं. काका दिवेलागणीला येऊन खुर्चीत बसायचे. वाजवायला घंटा नव्हती, तर वाटीवर चमचा वाजवायचे. सून तोंड सुजवून भाकऱ्या थापायची. मुलगा दुकानात बसून राहायचा. आठवड्याच्या आत त्यानेच मागची खोली रिकामी केली. प्रिंटर बाहेरच्या खोलीत एकावर एक रचले, गिऱ्हाइकाला उभं राहायला जागा राहिली नाही. आईला फोन केला, आज्जीला घेऊन ये म्हणून. "आता पाऊस लागलाय," काकू एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला. लागलाच होता. काका मला जिन्यात गाठून म्हणायचे, "नामंजूर झालेला विषय त्याच अधिवेशनात पुन्हा येत नाही, डॉक्टर. नवीन अधिवेशन बोलवावं लागेल." मी म्हणायचो, बोलवा. ते म्हणायचे, "गणपूर्ती नाही." मग दोघंही आपापल्या मजल्यावर जायचो. त्या पावसाळ्यात मी जितका थकलो तितका डोंगर चढूनही कधी थकलो नव्हतो.

भाताची लावणी उरकली, जरा उघडीप झाली, तेव्हा वाडीवर माझी फेरी निघाली. काका सकाळीच स्टँडवर येऊन उभे. इस्त्रीची पँट, पायात रबरी बूट. "येतो मी," म्हणाले. तळेघरला उतरून चिखलाची वाट धरली तेव्हा दोनदा बसले, धापा टाकत. मी म्हटलं, काय बोलायचं ते ठरवलंय ना? त्यांनी खिशावर हात ठेवला. त्यात लिहून आणलेलं भाषण होतं.

पडवीत म्हातारी बाजेवर. अर्धी झाली होती. काकू तिला पेज भरवत होत्या. आम्हाला बघून त्या उठल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "या. पाय धुवा." काका अंगणातच उभे राहिले. खिशातून कागद काढला, पडवीभर नजर फिरवली. बाज, उखळ, टोपल्या. मग कुठंतरी मधेच बघून सुरू केलं, "अध्यक्ष महोदय..."

"हितं खुर्ची न्हाई," काकू म्हणाल्या. "काय बोलायचं ते माझ्याकडं बगून बोला. न्हाईतर जावा माघारी."

पुन्हा भुरभुर सुरू झाली होती, कागद हातात भिजत चालला होता. मी दुसरीकडे बघायला लागलो, दुसऱ्याच्या नवराबायकोत आपण उभे राहिलो की होतं तसं. शेवटी त्यांच्या तोंडून आवाज आला, आणि तो मला ओळखूच आला नाही.

"तू घरी चल. आईला घेऊन. माझं चुकलं."

काकूंनी वाटी खाली ठेवली. पदरानं आईचं तोंड पुसलं. "तवा म्हनाला असता तर डोलीत घालून आनली असती," त्या म्हणाल्या. रागावून नाही. राग संपून गेला होता. "आता न्हाई हलायची ती. घोडेगावचा डाक्तर येऊन गेला. म्हनला, हाय तवर हितंच ऱ्हाऊ द्या. तिला बी हितंच बरं. आन मला बी."

संपलं. काका बूट काढून पडवीत आले आणि बाजेशेजारी जमिनीवर बसले. मी वाडीतली जनावरं उरकून परत आलो तरी तिथंच होते. म्हातारीनं मान वळवली. "कोन, जावय?" म्हणाली. आणि तिची ती गोष्ट सुरू झाली. आवाज इतका बारीक झालेला की काकांना वाकून ऐकावं लागत होतं. गोठा, अंधार, बिबट्या, रेडकू. सूप बडवत दारात आली. मी घड्याळ बघितलं. तळेघरवरून शेवटची एसटी गाठायची तर निघायलाच हवं होतं, आणि दहा मिनिटं तर केव्हाच होऊन गेली होती. मी उठलो. सवयीनं काकांचाही हात गुडघ्यावर गेला, पँटच्या सुरकुतीवर. तिथंच थांबला. त्यांनी मान वळवून आपल्या मागं पाहिलं. मागं नुसती शेणानं सारवलेली भिंत.

"तुम्ही व्हा पुढं, डॉक्टर," ते म्हणाले. "माझ्या जागेवर बसायला कुणी आलेलं नाही."

मग म्हातारीकडे वळून, तिच्या तोंडाजवळ कान नेऊन त्यांनी विचारलं, "हं, मग? रेडकाचं काय झालं पुढं?"

म्हातारीनं डोळे मिटले. कुठपर्यंत आली होती ते विसरली असावी. हात जरासा हलवला आणि गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागली.